टाकीक सोरो चढलो

16 मार्च 2025, रविवार. शिमग्याचे दिवस, म्हणून घरच्या, पर्यटकांना भाड्याने देतो त्या, दोन खोल्या भरलेल्या. सकाळी साडेसातला सहा पाहुण्यांना घेऊन आम्ही मालवणजवळच्या देवबागच्या संगमाकडे निघालो. दादा इंजिनावर, मी पुढे. कर्लीची खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे लाटा फुटतात, आणि त्या फुटणाऱ्या पट्ट्यापासून शंभरेक फुटांवर आमचं इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. दादाने नांगर टाकला. नांगर धरेपर्यंतचा मिनिटभराचा वेळ मला अजून आठवतो. पाहुण्यांत एक दीड वर्षाचं बाळ होतं आणि ते मजेत हसत होतं. वीस मिनिटांनी शेजारच्या वाडीतल्या एका बोटीने दोरी टाकून आम्हाला परत आणलं.

बोट 20 फुटी, फायबरची, मागे बाहेरून लावलेलं 40 एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. बाबांनी 2014 साली बांधून घेतली. मधल्या बैठकीखाली फायबरचीच 80 लिटरची पेट्रोल टाकी, बोटीच्या अंगातच बसवलेली. बाबा गेल्यावर घर आणि बोट आम्ही दोघं बघतो. इंजिनाचं दादा बघतो, कागदपत्रांचं मी. टाकीचं कोणीच बघत नव्हतं, कारण ती दिसतच नव्हती.

पुढच्या तीन आठवड्यांत कार्बोरेटर तीन वेळा उघडला. दर वेळी 800 रुपये, शिवाय प्लग. दर वेळी आत तपकिरी, मधासारखा चिकट थर. मेकॅनिक म्हणाला, ऑइल खराब आहे. ऑइल बदललं. मग म्हणाला, पेट्रोल खराब आहे. दुसऱ्या पेट्रोलपंपावरून आणलं. चौथ्या वेळी मी त्याच्याकडे गेलेच नाही. बाबांची बोट ज्यांनी बांधली त्या मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी टाकीवरची, पेट्रोल किती आहे ते दाखवणाऱ्या गेजची चकती सोडवली, आत बोट घालून भिंतीवर घासलं आणि ते बोट माझ्यासमोर धरलं. च्युइंगगमसारखी तार निघाली.

"बाय, तुझ्या टाकीक सोरो चढलो."

सोरो म्हणजे दारू, पण मला कळेना. मग त्यांनी समजावलं. पेट्रोलात आता दारू घालतत, ती फायबराक खाता. विनोद वाटला तरी शब्दशः खरं आहे, इथेनॉल म्हणजे दारूतलंच अल्कोहोल. 2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि हळूहळू आमच्या बाजूला दुसरं मिळेनासं झालं. जुन्या बोटींच्या टाक्या साध्या पॉलिस्टर रेझिनच्या. इथेनॉल ते रेझिन मऊ करतं, ते पेट्रोलात उतरतं आणि कार्बोरेटरमध्ये जाऊन बसतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. खाडीत उभ्या बोटीच्या अर्ध्या भरलेल्या टाकीत पाण्याला काय तोटा! पाणी फार झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं आणि इंजिनाला आधी तेच मिळतं. तुमची बोट जुनी असेल, टाकी अंगातली फायबरची असेल आणि कार्बोरेटर वारंवार चिकटत असेल, तर मेकॅनिकला चौथे 800 देण्याआधी टाकीत बोट घालून बघा.

हंगाम अर्ध्यात होता, त्यामुळे मे अखेरपर्यंत आम्ही इंजिनाबरोबर येते ती 24 लिटरची प्लॅस्टिकची सुटी टाकी पायाशी ठेवून काम चालवलं. खरं सांगायचं तर बहुतेक लहान बोटींना तेवढी टाकी पुरते आणि तुम्हाला कायमची टाकी टाळता येत असेल तर टाळा. आम्हाला टाळता आली नाही. पाहुण्यांच्या पायात टाकी नको, ही एक गोष्ट. दुसरी पेट्रोल साठवण्याची. बोट काही पंपावर नेता येत नाही, पेट्रोल कॅनमधूनच आणावं लागतं. आणि 1934 च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय स्वतःच्या वापरासाठी राहत्या घरात 30 लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येतं, तेही धातूच्या, जास्तीत जास्त 25 लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. बोटीच्या स्वतःच्या टाकीतलं पेट्रोल त्यात धरत नाहीत. म्हणून 20 लिटरचा एक पत्र्याचा कॅन, तो आणला की लगेच बोटीत रिकामा, ही आमची पद्धत. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पंपवाले देत नाहीत, त्यांच्याशी भांडू नका, त्यांचं बरोबर आहे.

प्रवासी बोटी मेच्या शेवटच्या आठवड्यात बंद होतात आणि 1 सप्टेंबरला पुन्हा सुरू होतात. मी हिशोब केला की तीन महिने हातात आहेत. पण त्या वर्षी पाऊस 25 मेलाच कोकणात दाखल झाला, आणि त्याच्या आधीचे चार-पाच दिवसही कोसळतच होता. बोट ओंडक्यांवरून ओढून मांगरापर्यंत, म्हणजे घराजवळच्या शेडपर्यंत, न्यायला बारा माणसं लागली आणि सगळी चिखलात. 29 मेला बोट मांगरात शिरली, अर्धी. मागचा भाग बाहेर, त्यावर ताडपत्री.

जुनी टाकी काढणं हे सगळ्यात भीतीचं काम. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. उरलेलं 22 लिटर हातपंपाने काढलं. ते चिकट झालेलं, इंजिनाच्या कामाचं नव्हतंच, गॅरेजने सुटे भाग धुवायला नेलं. मग साबणाचं पाणी काठोकाठ भरून उपसलं, तीनदा. मग दोन दिवस झाकण उघडं. 4 आणि 5 जूनला मेस्त्रींनी करवतीने हाताने कापलं. ग्राइंडर मांगरात आणायचा नाही, हे मी नाही, त्यांनीच सांगितलं. वीजही बंद ठेवली. दोन्ही दिवस आईने मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबवलं. "आधी न्हाऊन ये, मगे चाय." गॅसची शेगडी आणि माझे कपडे यांत ती बारा फूट अंतर ठेवत होती, आणि ते अंतर मला पुढे पुन्हा आठवलं, कारण सर्व्हेच्या, म्हणजे बोटीच्या वार्षिक सरकारी तपासणीच्या, वेळी मला ह्याच अंतराबद्दल विचारलं गेलं. पण ते नंतर.

टाकी निघाली तेव्हा खालून आणखी एक गोष्ट निघाली. टाकीच्या चारही बाजूंना पिवळा फोम ओतलेला होता. तो ओल्या पावासारखा पिळत होता. अकरा वर्षांचं पाणी त्यात बसलेलं. दोन गोणी भरल्या आणि एक गोणी मला उचलवेना. बाबांनी त्या वेळी चांगल्या बुद्धीनेच केलं होतं, टाकी हलू नये आणि पाणी जाऊ नये म्हणून सगळं बंद. पण फायबरच्या बोटीत पाणी कुठून तरी शिरतंच. बाहेर पडायला वाट नसेल तर ते तिथेच राहतं. फोम बोट तरंगायलाही मदत करतो, म्हणून तेवढ्याच आकाराचे पाणी न पिणारे ठोकळे आम्ही नंतर पुढच्या खणात बसवले. हे विसरू नका.

नवी टाकी कशाची करायची यावर जूनचे दोन आठवडे गेले. चांगल्या रेझिनची फायबर टाकी पुन्हा करता आली असती, पण एकदा चव घेतलेल्या माणसाने त्याच दुकानात जाऊ नये. 316 जातीचं स्टेनलेस स्टील टिकाऊ, पण खारट पाणी साचून राहिलं की वेल्डजवळ बारीक छिद्रं पडतात असं दोघांनी सांगितलं. गॅल्व्हनाइज्ड पत्रा स्वस्त, तो एका दुकानदाराने आग्रहाने दाखवला, नको म्हटलं. तयार प्लॅस्टिकच्या टाक्या चांगल्या असतात, पण आमच्या खणाच्या मापाची मिळेना, आणि पेट्रोल भरल्यावर त्या थोड्या फुगतात म्हणून चहूबाजूंनी जागा सोडावी लागते. शेवटी 5083 जातीचा 3 मिलिमीटरचा ॲल्युमिनियम पत्रा. माप 60 × 40 × 26 सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम 62 लिटर. रिकामी टाकी नऊ किलो. मध्ये एक आडवी पाटी, कोपरे कापलेली, म्हणजे लाटेवर पेट्रोल एकदम एका बाजूला धावत नाही. सगळी भोकं वरच्या बाजूला. तळाला नळ नाही. पेट्रोलच्या टाकीला तळाशी भोक म्हणजे कधीतरी गळणारच.

नकाशा मी दादाच्या मुलीच्या आलेखवहीत काढला. त्यात एक चूक केली. पेट्रोल ओढायची नळी इंजिनाकडच्या टोकाला हवी, कारण बोट वेगात आली की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उठते आणि पेट्रोल मागे जमतं. मी नळी दाखवली, पण नाळ कुठे हे दाखवलंच नाही. वेल्डरने ती पुढच्या टोकाला लावली. त्याचा काही दोष नाही, त्याला टाकी म्हणजे एक डबा. नकाशावर बोटीच्या पुढच्या दिशेचा मोठा बाण काढा.

कुडाळला दोन ठिकाणी विचारलं. पहिल्याने ॲल्युमिनियम करत नाही म्हणून सांगितलं, दुसऱ्याने आर्गन वेल्डिंग करून 12,500 मध्ये टाकी दिली. 26 जूनला दिलेली ऑर्डर 12 जुलैला मिळाली. नळीचं टोक बदलायला परत गेली, 19 जुलैला आली. मग मी तिची परीक्षा घेतली आणि ती नापास झाली.

ही परीक्षा कशी घ्यायची ते सविस्तर सांगते, कारण मला ते कुठे एका जागी मिळालं नाही. लहान बोटींच्या टाकीला साधारण 0.2 बार दाब देऊन पाहतात. एवढ्या कमी दाबाला बाजारातल्या दाबाच्या गेजचा काटा पहिल्या रेघेपर्यंतही हलत नाही. पण 0.2 बार म्हणजे दोन मीटर पाण्याचा स्तंभ, आणि तो मोजायला गवंड्याची लेव्हल पाईप पुरते. आम्ही पाच मीटर पारदर्शक पाईप आणली, मांगराच्या खांबावर इंग्रजी यू सारखी टांगली, अर्धी पाण्याने भरली. पाणी दिसावं म्हणून त्यात कोकमाचं आगळ. तिचं एक टोक टाकीच्या हवेच्या नळीला, दुसरं मोकळं. भरण्याच्या तोंडात रबरी बूच, बुचात मोटरसायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, आणि सायकलचा पंप. बाकी भोकं बंद. दादा हळूहळू पंप मारतो, आगळ एका बाजूला खाली जातं, दुसऱ्या बाजूला वर चढतं. दोन्ही पातळ्यांत दोन मीटर फरक झाला की थांबायचं. ह्यात एक फायदा असा की दाब चुकून जास्त झाला तर टाकी फुगत नाही, आगळ उडतं. (उडालं. दादाच्या शर्टावर.) ही चाचणी कधीही पेट्रोल न पाहिलेल्या नव्या टाकीवरच करायची. जुन्या टाकीत हवा कोंबू नका.

भांड्याच्या साबणाचा फेस ब्रशने वेल्डवर फिरवला. मागच्या खालच्या कोपऱ्यात एक बुडबुडा आला. मोहरीएवढा. फुटला, परत आला. मी दहा मिनिटं तोच बघत बसले. हा मोहरीएवढा बुडबुडा पाहुण्यांच्या बैठकीखाली असता. वेल्डरने तो कोपरा खरवडून पुन्हा भरला, पैसे घेतले नाहीत, आणि चाचणी बघायला स्वतः आला. दुसऱ्या वेळी बुडबुडा नाही, पण अर्ध्या तासात पातळी आठ सेंटीमीटर उतरली. आमचे चेहरे पडले. मग लक्षात आलं की मध्ये ढग आले होते. टाकीतली हवा एक अंशाने थंड झाली तरी साधारण चार सेंटीमीटरचा फरक पडतो. पत्र्याच्या मांगरात दुपारी ही परीक्षा घेऊ नये. आम्ही रात्री नऊला पुन्हा घेतली, पाऊण तास, पातळी हलली नाही.

आता पेट्रोलचं गेज. टाकीत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट असतो, त्याची चकती पाच स्क्रूंनी वर बसते आणि खाली पॅकिंग. चकतीबरोबर आलेलं पॅकिंग कॉर्कचं होतं. मेस्त्रींनी त्यावर सिलिकॉन लावायला काढलं, बाथरूमला लावतात ते. त्यांच्याकडे नेहमी असतं, आणि आमच्या किनाऱ्यावरच्या बोटींचं निम्मं जग त्याच सिलिकॉनवर उभं आहे. मी कुठेतरी वाचलं होतं की पेट्रोलात ते चालत नाही, पण मेस्त्रींना वाचलेलं सांगण्यात अर्थ नसतो. म्हणून त्याचा वाळलेला तुकडा काचेच्या बरणीत पेट्रोलात टाकला आणि बरणी मांगराबाहेर ठेवली. दुसऱ्या दिवशी तो भिजलेल्या साबुदाण्यासारखा फुगला होता आणि नखाने तुटत होता. मेस्त्रींनी बरणी हातात घेऊन बघितली, काही बोलले नाहीत, सिलिकॉनची नळी पिशवीत टाकली.

पॅकिंगला व्हिटॉन नावाचं, पेट्रोलात टिकणारं रबर लागतं. मालवणात, कुडाळात नाही मिळालं. कोल्हापूरला ऑइल सीलच्या दुकानात 3 मिलिमीटर जाडीचा तुकडा मिळाला, मामेभावाने एसटीने पाठवला, पाच दिवस गेले. स्क्रूंची भोकंही टाकीत उतरतात, त्यामुळे प्रत्येक स्क्रूखाली रबर चिकटवलेला वॉशर. पाचही स्क्रू एकदम आवळायचे नाहीत, समोरासमोरचे थोडे थोडे, गाडीच्या चाकाचे आवळतो तसे. फार आवळलं तर पॅकिंग बाहेर सरकतं. नळ्या जोडायच्या आट्यांना टेफ्लॉन टेप न लावता पेट्रोलला चालणारी पेस्ट लावली, कारण टेपचे तुकडे निघून फिल्टरमध्ये अडकतात. पेस्टचा छोटा डबा, वॉशर, रबर, बोल्ट आणि डेकला लावायचं सीलंट मिळून 3,100 रुपये.

ही झाली पेट्रोल आत ठेवायची गोष्ट. आमचा खरा वाद पुढे झाला.

मेस्त्रींचं म्हणणं, टाकी बसवली की वरून फळी, फळीवर फायबरची मॅट आणि रेझिन, सगळं बंद, पाण्याचा थेंब जाणार नाही. मी म्हटलं, खणाला दोन भोकं हवीत. एक हवा आत यायला, एक बाहेर जायला, आणि बाहेर जाणाऱ्याची नळी खणाच्या तळापर्यंत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली बसते. टाकी कितीही चांगली असली तरी एखादा जोड कधीतरी दमतो, आणि वाफ बंद खणात साचली तर वास येणार नाही, ठिणगीच येईल. मेस्त्री हसले.

"वास येता म्हणान लोक भोक बुजवतत. तू उलटा पाडूक सांगतंस."

दोन दिवस ते आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या अंगणात जाऊन बसले. त्यांच्या घरात गॅसची शेगडी होती आणि शेगडीजवळच्या भिंतीला, जमिनीलगत, जाळीचं भोक होतं. मी त्याकडे बोट दाखवलं. गॅससुद्धा खालीच बसतो. मेस्त्री चहा संपवून उठले आणि ड्रिल घेऊन माझ्याबरोबर निघाले. एवढंच. पटलं की नाही, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

थोडक्यात, टाकी घट्ट बंद, तिचा खण नाही. खण पाहुण्यांच्या बाजूला बंद, कारण पायाखालून वाफ यायला नको, पण बाहेरच्या हवेला उघडा. पाणी आलं तर मागे, इंजिनाखालच्या उघड्या भागात वाहून जाईल असा उतार. आणि फोम नाही.

टाकी खणाच्या तळावर सरळ ठेवायची नाही. ॲल्युमिनियमखाली ओल अडकली की ते खालून कुजतं. मेस्त्री टायरच्या ट्यूबच्या पट्ट्या लावणार होते, ती ओल धरते. आम्ही घरासाठी आणलेला पांढरा जाड पॉलिथिनचा चॉपिंग बोर्ड कापला. त्याच्या चार पट्ट्या टाकीला खालून पक्क्या चिकटवल्या, लांबीच्या दिशेने, म्हणजे पाणी मधून निघून जातं. टाकीला वेल्ड केलेले चार कान आणि त्यातून बोल्ट.

पाईपच्या बाबतीत गॅरेजमधली काळी रबरी नळी वापरू नका. पाईपवर आयएसओ 7840 ए1 असं छापलेलं हवं, म्हणजे तो आगीत अडीच मिनिटं टिकेल एवढा तपासलेला असतो. तो आणायला दोनदा गोव्याला गेले, पहिल्यांदा दुकान बंद होतं. भरण्याचा 38 मिलिमीटर, हवेचा 16. पाईप आणि क्लॅम्प 6,200. डेकवरचं भरण्याचं तोंड, हवेचं जाळीवालं तोंड आणि गेज 6,900. पाणी वेगळं करणारा फिल्टर 4,300, आणि ह्या सगळ्या खर्चातला हा एकच मी जुन्या टाकीसाठीही आनंदाने केला असता. भरण्याच्या पाईपला दोन्ही टोकांना दोन-दोन क्लॅम्प. आणि एक गोष्ट फार लोक विसरतात. डेकवरचं धातूचं तोंड आणि टाकी यांच्यामध्ये रबर असतं, त्यामुळे पेट्रोल ओतताना तयार झालेली स्थिर वीज अडकते. दोन्ही तारेने जोडायचे आणि मल्टिमीटरने बघायचं, एक ओहमपेक्षा कमी हवं. आमचं 0.4 आलं.

डेकचं फायबरकाम पावसामुळे रखडलं. ओल्या हवेत रेझिन नीट धरत नाही. कोरड्या दिवसाची वाट बघत अकरा दिवस गेले, नारळी पौर्णिमा आली आणि गेली. 14 ऑगस्टला काम झालं. मेस्त्रींचे आठ दिवस 900 प्रमाणे 7,200, फायबरचं सामान 3,400. सगळं मिळून 43,600, गोव्याच्या फेऱ्यांचं पेट्रोल आणि माझी चिडचिड न धरता.

18 ऑगस्टला पहिले पाच लिटर. प्रत्येक जोडाभोवती खडूची पूड फासली, ओल आली तर डाग दिसतो. रात्रभर ठेवलं. सकाळी नाक खाली घालून वास घेतला, मग दादाने घेतला, मग मेस्त्रींनी. मग वीस लिटर, आणि चौघांनी बोट दोन्ही बाजूंनी हलवली. भरण्याच्या पाईपच्या खालच्या टोकाशी पूड ओलसर. एक क्लॅम्प तिरका बसला होता.

वार्षिक सर्व्हेचा अर्ज जुलैतच टाकला होता. नोंदणी प्रमाणपत्र, मागच्या वर्षीचं सर्व्हे प्रमाणपत्र, विमा, दादाचा परवाना, लाइफ जॅकेटचे आणि अग्निशामकाचे फोटो. टाकी बदलल्याचं मी वेगळ्या पत्रात लिहिलं. न लिहून चाललं असतं असं मला दोघांनी सांगितलं, पण बोटीला काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल. पत्र दिल्यावर खिडकीवर विचारलं, टाकीच्या चाचणीचा कागद कुठे? वेल्डरकडून त्याच्या बिलावर पत्र्याची जात, जाडी, चाचणीचा दाब आणि तारीख लिहून, शिक्का मारून आणलं. बिल घेतानाच लिहून घ्या, माझी एक फेरी वाचली असती.

सर्व्हेअर 21 ऑगस्टला आले. शांत माणूस. टाकीवर समाधान, वायरवर समाधान. मग हवेच्या तोंडाकडे बघून थांबले. आम्ही ते बोटीच्या बाहेरच्या अंगाला काढलं होतं, पण खणाच्या वायुवीजनाच्या भोकापासून वीतभर अंतरावर. पेट्रोल भरताना टाकीतली वाफ ह्या तोंडातून बाहेर येणार आणि त्या भोकातून पुन्हा आत जाणार. "निदान 40 सेंटीमीटर लांब न्या," म्हणाले, आणि विचारलं, "घरात पेट्रोलच्या कपड्यांनी शेगडीजवळ जाता का?" मला आईचा उंबरठा आठवला आणि हसू आलं. त्यांना ते उद्धट वाटलं असावं. शिवाय पेट्रोल बंद करायची चावी हाताला लागेल अशी, आणि तिच्यावर मराठीत पाटी. दोन्ही कामं एका दिवसाची.

पण 27 ऑगस्टला गणपती. कोकणात गणपतीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचे अकरा दिवस कोणी ड्रिल उचलत नाही, आणि उचलू म्हणणाऱ्याला उचलू देत नाहीत. 1 सप्टेंबरला शेजारच्या बोटी सुरू झाल्या, आमची मांगरात. दोन बुकिंग सोडावी लागली. मेस्त्री 8 तारखेला आले, हवेचं तोंड दीड फूट मागे नेलं, जुनं भोक बुजवलं. "हां, ह्या भोक बुजवूचा," असं मला मुद्दाम ऐकवून. सर्व्हेअर 11 ला पुन्हा आले, प्रमाणपत्र 18 ला हातात.

आता टाकी 55 लिटरवर थांबवतो. काठोकाठ भरली की उन्हात पेट्रोल वाढतं आणि हवेच्या तोंडातून खाडीत जातं. रोज सकाळी खणाची झडप उघडून मी खाली वाकून वास घेते, मग दादा इंजिनाला हात लावतो. पाहुणे विचारतात, काय शोधताय? यंदा पावसाआधी टाकी पूर्ण रिकामी आणि कोरडी करून ठेवणार, इथेनॉलचं पेट्रोल तीन महिने दमट हवेत ठेवायचं नाही.

ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी मेस्त्रींचा फोन आला. तारकर्लीत कोणाच्या तरी बोटीचं काम निघालं होतं.

"बाय, ती तुझी आगळाची पाईप खंय आसा? माका दोन दिवस व्हयी."

पाईप मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. अजून परत आलेली नाही.